धागा: पोरांच्या मॅचला शिट्टी वाजवणाऱ्या पोरामागं कोण उभं राहणार?

मंगळवारातला_मामा
माझा भाचा अकरावीला आहे. फुटबॉलचं वेड भयंकर, पण संघात कायम बाकावर. गेल्या वर्षी कुणीतरी सुचवलं म्हणून त्यानं पंचांचं शिबिर केलं आणि आता रविवारी सकाळी बारा वर्षांखालच्या पोरांच्या मॅचना शिट्टी वाजवतो. मॅचमागं दीडशे रुपये मिळतात, त्याचे त्यानं बूट घेतले. घरात सगळे खूश.

मागच्या रविवारी एका स्पर्धेत (नाव घेत नाही, गावात सगळेच ओळखीचे) त्यानं एक गोल रद्द केला. गोल मारायच्या आधी पोरानं डिफेंडरला दोन्ही हातांनी ढकललं होतं. मी तिथंच होतो, स्वच्छ दिसलं. तर त्या पोराचा बाप थेट मैदानात. "तुला काय कळतंय रे, किती पैसे घेतलास," आणि पुढचं इथं लिहिण्यासारखं नाही. सोळा वर्षांच्या पोराला! संयोजक मंडपात चहा पीत होते. मी पोचेपर्यंत दोन्हीकडचे कोचच मध्ये पडले. भाच्यानं मॅच पुरी केली. घरी येऊन म्हणाला, आता जात नाही.

त्याची आई म्हणते बरं झालं, बारावीचं बघ. मला वाटतं त्यानं सोडू नये. पण "परत जा" म्हणायचं तर माझ्या हातात काय आहे? अशा पोरांना आधार म्हणून कुणी काही केलंय का? नुसतं "धीर धर" सोडून सांगा.

शिवाजी_पेठ_कट्टर
मामा, एवढं काय मनाला लावून घेताय. आपल्या कोल्हापुरात, पेठेत पंचानं शिव्या खाल्ल्या न्हाईत तर मॅच झाल्यागत वाटत न्हाई. शाहू स्टेडियमवर गॅलरी पंचाच्या आज्जीपर्यंत जाती. ते सोसलं तोच पंच झाला. पोराला म्हणावं कातडी जाड कर.

मिसळ_एक्स्ट्रा_कट
आमच्याकडं पंच व्हायला दोन गोष्टी लागतात. शिट्टी, आणि मॅच संपल्यावर गाडी कुठल्या गल्लीतनं काढायची ते.

गोलकीपरची_आई
@शिवाजी_पेठ_कट्टर, शाहू स्टेडियमवर सीनियर लीग असते. पंच मोठी माणसं, बरोबर दोन लाइनमन, चौथा पंच, बाहेर पोलीस बंदोबस्त. इथं मिसरूड न फुटलेलं पोरगं एकटं उभं आहे आणि त्याच्यापुढं पंचेचाळीस वर्षांचा बाप्या. दोन्हींत काहीच फरक दिसत नाही का तुम्हाला? तुमच्या पोराला शाळेत कुणी असं बोललं तर "कातडी जाड कर" म्हणाल?

शिवाजी_पेठ_कट्टर
ताई, तसं न्हाई म्हटलं ओ. पण मामांच्या मनात त्याला पुढं मोठ्या मॅचला न्यायचं असंल तर कधीतरी हे बघायलाच लागणार.

पोलो_ग्राउंड
मी वीसेक वर्षं शालेय आणि क्लबच्या मॅचेस केल्यात, आता गुडघे परवानगी देत नाहीत. कट्टर म्हणतात ते अर्धंच खरं. कातडी जाड होते, पण ती मोठा पंच शेजारी असताना होते. मी सुरुवात केली तेव्हा माझे गुरू टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेघेवर, खुर्ची टाकून बसायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. हाफ टाइमला पाणी द्यायचे आणि एकच गोष्ट सांगायचे. कधी "शिट्टी हळू वाजतीय, लोकांना वाटतंय तू विचारतोयस". कधी "बॉलच्या फार मागं राहिलास". निकाल बरोबर की चूक यावर मॅच संपेपर्यंत अवाक्षर नाही. आणि कुणी बाप आत घुसायला लागला की तेच उठायचे. मला शिट्टी सोडून दुसरं काम नव्हतं.

आता होतं काय, शिबिर होतं, सतरा नियम पाठ करून घेतात, परीक्षा होते, आणि पुढच्या रविवारी पोराला एकट्याला मैदानात सोडतात. त्यातली किती दुसऱ्या हंगामात दिसतात ते तुम्हीच बघा.

मामा, भाच्याला एक सांगा. गोल रद्द करायची शिट्टी वाजवली की तिथंच उभं राहून भांडण ऐकायचं नाही. फाऊल जिथं झाला तिथं पळत जायचं, हातानं दिशा दाखवायची, खेळ सुरू करायचा. खेळ सुरू झाला की निम्मा आरडाओरडा आपोआप मरतो.

नियमबुक
ऑफसाइड नव्हता ना मामा? सात-सातच्या मॅचमध्ये पुष्कळ स्पर्धांत ऑफसाइड ठेवतच नाहीत.

मंगळवारातला_मामा
नाही हो, ढकललं होतं. लिहिलंय वर.

कळंब्याचा_बाप
मी जरा उलट बोलतो, चालवून घ्या. मैदानात घुसणं चूकच. पण आम्ही महिन्याची फी भरतो, पहाटे उठून पोरांना घेऊन येतो, आणि पंच म्हणून नवशिकं पोर उभं करतात. एका चुकीनं माझ्या पोराचा संघ बाहेर जातो. विचारायचं पण नाही काय? संयोजकांनी जाणता पंच आणायला पाहिजे.

राधानगरी_रोड
@कळंब्याचा_बाप, दहा-बारा वर्षांची पोरं कोचिंग देतो म्हणून सांगतो. तुमचा पोरगा त्याच मॅचमध्ये रिकामा गोल चुकवतो, त्याला काय म्हणता? "असू दे बाळा, शिकतोय." पंच पण शिकतोय की. त्याच्यापेक्षा काहीच वर्षांनी मोठा.

आणि जाणता पंच आणायचा कुठनं? रविवारी सकाळी मेरी वेदर मैदानावर, इकडं उपनगरांतल्या टर्फवर, शाळांच्या ग्राउंडवर एकाच वेळी किती मॅचेस चालू असतात बघा. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपात आपला अनिकेत जाधव खेळला, तेव्हापासून घराघरात स्ट्रायकर तयार होतोय. पोराला पंच करतो म्हणून माझ्याकडं आजवर एकही बाप आलेला नाही. खेळायला अकरा लागतात तसा शिट्टीला एक लागतोच की नाही?

मिसळ_एक्स्ट्रा_कट
स्ट्रायकर घराघरात, डिफेंडर कुणालाच नको, गोलकीपर तर शिक्षा म्हणून उभा करतात. पंचाचा नंबर कधी लागायचा.

गोलकीपरची_आई
ओ, शिक्षा म्हणून काय? माझा हौसेनं उभा राहतो.

परदेशी_पाव्हणं
मी मूळचा राजारामपुरीचा, आता लीड्सला. इथंही स्वर्ग नाही, आधीच सांगतो. पंचाला शिव्या देण्यात इंग्रज आपल्याला ऐकणार नाहीत. पण इथल्या एफएला, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेला, कळून चुकलं की पोरं पंचगिरी सोडून चाललीत आणि मॅचला पंच मिळेनात, तेव्हा हालचाल सुरू झाली. २००८ ला "रिस्पेक्ट" मोहीम निघाली. त्यातली मला आवडलेली गोष्ट सगळ्यात साधी आहे. पोरांच्या मॅचला एका बाजूला दोरी बांधतात किंवा रेघ मारतात, पालक तिच्या मागं. कोच आणि बदली खेळाडू बहुतेक दुसऱ्या बाजूला. त्यामुळं बापाला आत यायचं तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दोरी ओलांडायला लागते. काही ठिकाणी अठराच्या आतला पंच असेल तर त्याच्या दंडावर वेगळ्या रंगाची पट्टी असते. बघणाऱ्याला लांबूनच कळतं की समोर लहान पोर आहे.

२०१९-२० पासून खालच्या पातळीवर सिन बिन आणलं. पंचाशी हुज्जत घातली की खेळाडू दहा मिनिटं बाहेर. २०२३ ला काही भागांत पंचांच्या छातीवर कॅमेरे लावून बघितले, सुरुवात मिडल्सबरोला. त्याच वर्षी एका वीकेंडला पोरांच्या मॅचना पालकांनी नुसत्या टाळ्या वाजवायच्या, सूचना बंद, असंही केलं.

शिवाजी_पेठ_कट्टर
नुसत्या टाळ्या?? कोल्हापुरात?? भावा, इथं मयतीला पण एवढी शांतता नसती.

मिसळ_एक्स्ट्रा_कट
छातीवर कॅमेरा लावला तर संध्याकाळपर्यंत रील होऊन पाच लाख व्ह्यूज. पंचाला दीडशेच्या जागी जाहिराती मिळतील.

नियमबुक
सिन बिन आपल्याकडंही नियमात बसतं. २०१७ पासून आयएफएबीनं (फुटबॉलचे नियम ठरवणारी संस्था) पोरांच्या, व्हेटरन म्हणजे वयस्कर खेळाडूंच्या आणि तळागाळातल्या फुटबॉलसाठी तात्पुरत्या बाहेर काढण्याला मुभा दिली आहे. मैदानाचा आकार, बॉलचा आकार, मॅचची वेळ, बदली खेळाडू पुन्हा आत घेणं, हे सगळंही बदलता येतं. संयोजकांनी स्पर्धेच्या आधी लिहून जाहीर करायचं, एवढंच. आणि कार्ड आता कोचलाही दाखवता येतं, २०१९ पासून. बाकावरनं कोण ओरडलं ते कळलं नाही तर कार्ड तिथल्या मुख्य कोचच्या नावावर. हा नियम पोरांना शिबिरात ठासून शिकवायला पाहिजे, कारण त्यांना वाटतं कोचला आपण काहीच करू शकत नाही.

पालकांना मात्र कार्ड नाही. बाहेरच्या माणसानं व्यत्यय आणला तर पाचव्या नियमानं पंच खेळ थांबवू शकतो, काही वेळ स्थगित करू शकतो, शेवटी मॅच बंदच करू शकतो. त्यापुढं पालकाला हुसकणं हे संयोजकाचं काम.

जाता जाता, गोलकीपरनं हातात बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर २०२५-२६ पासून समोरच्याला कॉर्नर मिळतो. पूर्वीसारखी इनडायरेक्ट फ्री किक नाही. परवा एका मॅचला पंचानं जुनाच नियम लावला.

गोलकीपरची_आई
आठ सेकंद कोण मोजतं? माझा मुलगा विचारतोय.

नियमबुक
पंच. शेवटची पाच सेकंदं हात वर करून बोटांनी मोजून दाखवायची. त्यामुळं गोलकीपरला "मला कळलंच नाही" म्हणायला जागा राहत नाही.

शिवाजी_पेठ_कट्टर
आमच्या पेठेतला गोलकीपर बॉल धरून पहिला बुटाची नाडी बांधतो, मग गॅलरीकडं बघून नमस्कार करतो. त्याचं कसं व्हायचं.

स्वप्नाली_७
धागा भरकटायच्या आत लिहिते. मी एकोणीस वर्षांची, कॉलेज करत मुलींच्या आणि लहान मुलांच्या मॅचेस करते. मामा, तुमच्या भाच्याला झालं ते मला पहिल्याच हंगामात झालं, वर "पोरगीला काय ऑफसाइड कळणार" हे बोनस. ऑफसाइडचं जाऊ दे, २०२२ च्या वर्ल्ड कपात कोस्टा रिका-जर्मनी मॅचला स्टेफनी फ्रापार शिट्टी वाजवत होती, ते यांनी टीव्हीवर बघितलं नव्हतं बहुतेक.

मला काय उपयोगी पडलं ते सांगते. मॅचच्या आधी दहा मिनिटं लवकर जायचं आणि दोन्ही कोचना स्वतःहून भेटायचं. नाव सांगायचं, "काही शंका असेल तर हाफ टाइमला कॅप्टनकरवी विचारा" हे हसून सांगायचं. आता तर नुसत्या कॅप्टननंच पंचाशी बोलायचं अशी आयएफएबीची सूचनाच आहे, २०२४ च्या युरोत टीव्हीवर दिसली असेल. त्याचवेळी संयोजकांना विचारायचं, "काही गोंधळ झाला तर मी कुणाकडं बघायचं?" नाव घ्यायचंच. नाव नाही मिळालं तर मी शिट्टी पिशवीतनं काढत नाही. एकदा खरंच नाही काढली. वीस मिनिटं सगळे उभे. मग एक जण आला.

आणि घरी आल्यावर. मला आई "कुणी काय बोललं का?" विचारायची, त्यानं मला जास्त त्रास व्हायचा. बाबा विचारायचे, "आज अवघड निकाल कुठला होता?" मग मी वाटी-चमचे मांडून सगळं दाखवायची. मामा, तुम्ही हे विचारून बघा.

पोलो_ग्राउंड
स्वप्नाली, शिट्टी न काढण्याचं आमच्या पिढीत कुणाला सुचलं नाही. शाब्बास.

मंगळवारातला_मामा
वाटी-चमचे आत्ताच केले. तासभर बसला होता. त्याचं म्हणणं, ढकलल्याचं दिसलं पण शिट्टी वाजवायला उशीर झाला, गोल होऊन पोरं नाचायला लागल्यावर वाजली. म्हणून लोक पेटले. हे पहिल्यांदा बोलला.

पोलो_ग्राउंड
हे ऐकून बरं वाटलं. पण उशीर झाला म्हणून निकाल चुकत नाही. फायदा देऊन, म्हणजे फाऊल होऊनही खेळ चालू ठेवून, बघितलं आणि फायदा झाला नाही तर दोन-तीन सेकंदांत मागं येता येतं. इथं तर फाऊल गोल मारणाऱ्याचाच होता, त्यामुळं थांबायचं कारण नव्हतं, लगेच वाजवायची. सरावाचा भाग आहे. शिट्टी तोंडात धरून पळत असेल तर हातात घे म्हणावं. हातातनं तोंडाकडं येईपर्यंत जो क्षण जातो त्यात डोकं विचार करतं. आणि शिट्टी बिनगोटीची घे म्हणावं. गोटीची ऐनवेळी अडकते. कॅनडाचा रॉन फॉक्सक्रॉफ्ट म्हणून बास्केटबॉलचा पंच होता, त्याची भर मॅचमध्ये अडकली, म्हणून त्यानं गोटीच काढून टाकली आणि १९८७ ला ती शिट्टी बाजारात आणली.

राधानगरी_रोड
भाच्याला ग्रॅहम पोलचं पण सांगा. २००६ चा वर्ल्ड कप, श्टुटगार्टला क्रोएशिया-ऑस्ट्रेलिया. एकाच खेळाडूला त्यानं तीन पिवळी कार्डं दाखवली. दुसऱ्यालाच बाहेर काढायचा, राहून गेलं. इंग्लंडचा नावाजलेला पंच, दोन असिस्टंट, चौथा पंच, कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मिसळ_एक्स्ट्रा_कट
तीन कार्डं म्हणजे आपल्याकडचं मिसळीबरोबर तिसरा एक्स्ट्रा कट. दुसऱ्यानंतर कोण मोजतंय.

कळंब्याचा_बाप
मी परत आलो. राधानगरी रोडवाल्यांचं पटलं थोडं. पण माझा मुद्दा राहतोच, शंका घ्यायला जागा कुठं? संयोजक म्हणतात पंचाला विचारा, पंच म्हणतो संयोजकांना विचारा. माणूस तापतो ते त्यामुळं. दोरी बांधा, पट्टी लावा, सगळं करा, पण एक माणूस आम्हालाही द्या ज्याच्याकडं जाऊन बोलता येईल.

गोलकीपरची_आई
हे बरोबर बोललात. आमच्या ग्रुपनं हेच केलं. आम्ही पाच-सहा आया, आमच्या अकादमीच्या मॅचला फक्कीची दुसरी रेघ मारतो, टचलाइनपासून तीन-चार हात मागं. दर मॅचला एक आई गळ्यात ओळखपत्र घालून त्या रेघेवर उभी. कुणाला तक्रार असेल तर तिच्याकडं. ती वहीत लिहून घेते, मॅच संपल्यावर संयोजकांना देते. वही बघितली की निम्मे लोक म्हणतात, "असू द्या, लिहू नका." पहिले दोन रविवार काही बाप्यांनी टर उडवली. आता तेच रेघ पुसली तर सांगतात.

एकदा पंच पोरानं डोक्याला लागलेल्या मुलासाठी लगेच खेळ थांबवला. समोरच्या संघाचे पालक ओरडायला लागले, त्यांचा हल्ला चालू होता. आमची आई रेघेवरनं एवढंच म्हणाली, "तुमचंच पोर पडलं असतं तर?" गप्प.

शिवाजी_पेठ_कट्टर
बायका रेघेवर उभ्या केल्या तर बाप्ये गप्प बसणारच. घरी जेवायचं असतंय.

परदेशी_पाव्हणं
ताई, ही कल्पना इथल्या क्लबला सांगतो. इकडं पण रेघेवर स्वयंसेवक असतो, पण वही नाही. वही भारी आहे.

नियमबुक
वहीत वेळ आणि मिनिट लिहीत असाल तर पंचाच्या अहवालाला जोडता येईल. पंचानं गैरवर्तनाचा अहवाल द्यायचाच असतो. शिबिरात तो कसा लिहायचा ते अर्ध्या तासात उरकतात. दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. "पालक रागीट होते" नाही, "अमुक मिनिटाला निळा शर्ट घातलेले गृहस्थ मैदानात आले आणि हे शब्द बोलले". शिव्या जशाच्या तशा.

मिसळ_एक्स्ट्रा_कट
कोल्हापुरातला अहवाल तसा लिहिला तर शिस्तपालन समिती वाचताना दार लावून घेईल.

स्वप्नाली_७
मामा, मूळ प्रश्न राहिलाच. तो परत जाणार का?

मंगळवारातला_मामा
काल म्हणाला, जाईन, पण एकट्यानं नाही. आणि त्या स्पर्धेत नाही, दुसरीकडं. त्याची आई परीक्षेच्या दोन महिने आधी बंद या अटीवर तयार आहे. येत्या रविवारी आमच्या भागातल्या शाळेच्या मैदानावर दहा वर्षांखालच्या चार मॅचेस आहेत. संयोजक ओळखीचे आहेत, त्यांना रेघेचं विचारलं, "करा की" म्हणाले. म्हणजे करायचं आम्हीच. दंडाला बांधायला भगिनीनं पिवळ्या कापडाची पट्टी शिवलीय.

पोलो ग्राउंड काका, एक विचारू का? तुम्ही खुर्ची टाकून बसाल?

पोलो_ग्राउंड
किती वाजता?

मंगळवारातला_मामा
सातला पहिली मॅच. साडेसहाला घ्यायला येतो.

पोलो_ग्राउंड
येतो. पण पोराला आधी सांगून ठेवा, हाफ टाइमला एकच गोष्ट सांगणार. जास्त विचारायचं नाही. आणि मॅच चालू असताना माझ्याकडं बघायचं नाही, बॉलकडं बघायचं.

कळंब्याचा_बाप
माझा पोरगा दहाच्या आतल्यात आहे, आमची पण मॅच तिथंच आहे बहुतेक. वहीला माणूस पाहिजे असेल तर सांगा. ओरडायला लागलो तर पहिलं माझंच नाव लिहा.

शिवाजी_पेठ_कट्टर
हे बघायला मी पण येणार. गप्प बसून. प्रयत्न करतो.

गोलकीपरची_आई
फक्की आहे का कुणाकडं? आमची संपत आलीय. आणि रेघ मारायला दोरा-खुंट्या आणा, नाहीतर वाकडी जाते.

राधानगरी_रोड
अर्धं पोतं आहे माझ्याकडं. शनिवारी संध्याकाळी मैदानावर टाकतो. चावी शिपाईमामांकडं असते, त्यांना मामांनी फोन करून ठेवा.